सायकलचं चाक आउट झालंय? दुरुस्त करायचं की नवं टाकायचं, हे असं ठरवा

माढा म्हटलं की बाहेरच्या माणसाला निवडणूक आठवते. २००८ च्या पुनर्रचनेत माढा लोकसभा मतदारसंघ तयार झाला, २००९ ला शरद पवार इथून खासदार झाले आणि सोलापूर जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव टीव्हीवर दिसायला लागलं. पण निवडणूक पाच वर्षांतून एकदा येते. शाळेची घंटा रोज होते. आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून त्या घंटेच्या आत पोहोचायचं असेल, तर अजूनही अनेक पोरापोरींचा भरवसा सायकलवरच असतो.

तर विषय असा आहे. समजा, मानेगाव रस्त्यावरच्या एका वस्तीवरून नववीतली मुलगी रोज पाच किलोमीटर सायकल मारत माढ्याला येते. आठवडाभर मागच्या चाकातून ‘खट्, खट्’ असा आवाज येतोय. एका सकाळी ब्रेकचं रबर रिंगला घासायला लागतं, पायडल जड होतं. उतरून बघितलं तर दोन तारा तुटलेल्या आणि चाक डावी-उजवीकडं डुलतंय. वडील सायकल दुकानात नेतात. कारागीर चाक एकदा फिरवून बघतो आणि म्हणतो, “पूर्ण चाकच टाका नवीन.” शेजारी उभा असलेला म्हणतो, “कशाला? दोन तारा टाका, आउट काढून घ्या, झालं.”

आता वडिलांनी ऐकायचं कुणाचं?

प्रश्न किरकोळ वाटतो, पण तो ज्याच्या घरात येतो त्याला किरकोळ नसतो. सायकल चार दिवस दुकानात पडली तर चार दिवस शाळा बुडते, नाहीतर घरातल्या कुणाला तरी काम सोडून मोटारसायकलवर सोडायला जावं लागतं. घाईत नवं चाक टाकलं आणि जुन्याला खरं तर दोन तारांचंच दुखणं होतं, तर पैसे वाया. आणि जिथं पैसे वाचवायला नको होते तिथं वाचवले, तर एखाद्या उतारावर चाक दगा देतं.

गंमत म्हणजे कारागीर आणि शेजारी, दोघंही बरोबर असू शकतात. कारण ‘चाक’ ही एक वस्तू नसतेच.

चाक म्हणजे नक्की काय काय?

बैलगाडीचं चाक आठवा. मधला लाकडी तुंबा, त्यातून निघालेले आरे, भोवतीचं लाकडी कडं आणि त्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव. एक आरा मोडला म्हणून कुणी गाडीचं चाक फेकत नव्हतं. सुतार आरा बदलायचा. धाव ढिली झाली की ती लोहाराकडं जायची. चाकाचा कुठला भाग गेला, यावर चाक कुणाकडं न्यायचं हे ठरायचं.

सायकलचंही तसंच आहे. मधे हब, म्हणजे ज्यात आस आणि छर्रे असतात तो भाग. हबमधून निघालेल्या तारा, म्हणजे स्पोक. तारा जिथं निपलनं आवळलेल्या असतात ती रिंग, म्हणजे रिम. वर ट्यूब-टायर. मागच्या चाकाला याशिवाय फ्रीव्हील. यातला प्रत्येक भाग वेगळा मिळतो, वेगळा मरतो आणि वेगळा बदलता येतो. त्यामुळं ‘दुरुस्त की नवं’ हा प्रश्न दोन पर्यायांचा दिसत असला, तरी मधे तिसरा पर्याय आहे. हब जुनाच ठेवायचा आणि त्यावर नवी रिंग, नव्या तारा बांधून घ्यायच्या. शहरातल्या मोठ्या शोरूममध्ये हा पर्याय सहसा कुणी सांगत नाही. माढ्यासारख्या गावातल्या दुकानात तो सहज मिळतो, पण विचारावा लागतो.

आणि या तिन्हींपैकी कोणता निवडायचा, हे सगळ्यात आधी रिंगवरून ठरतं. तुटलेली तार म्हणजे सर्दी-पडसं. रिंगला चीर म्हणजे हाड मोडलेलं.

ढिली तार आधी तुटते

हे कळायला चाक वजन कसं पेलतं ते बघावं लागेल. बैलगाडीचा जाड लाकडी आरा खांबासारखा काम करतो. गाडीचं वजन खालच्या आऱ्यावर उभं राहतं. सायकलची तार दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीची. तिला खांबासारखं उभं केलं तर बोटानंही वाकेल. मग ती माणसाचं वजन कसं पेलते?

ती आधीच ताणलेली असते म्हणून. चाक बांधताना कारागीर प्रत्येक तार निपल फिरवून ओढून ठेवतो. सगळ्या तारा हबला चारी बाजूंनी ओढत राहतात आणि रिंग घट्ट उभी राहते. तुम्ही सायकलवर बसलात की जमिनीजवळच्या तारांचा ताण थोडा कमी होतो. चाक फिरून ती तार वर गेली की ताण परत येतो. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक तार एकदा सैल आणि एकदा ताठ होते.

आता हिशोब करून बघा. मुलींच्या नेहमीच्या २६ इंची सायकलचं चाक एका फेऱ्यात साधारण दोन मीटर जातं. पाच किलोमीटर जाऊन-येऊन दहा, म्हणजे रोज पाच हजारांच्या जवळपास फेरे. वर्षातले दोनशे दिवस शाळा धरली तर आकडा दहा लाखांच्या घरात जातो. दहा लाख वेळा एकच तार सैल-ताठ, सैल-ताठ.

तार नीट ताणलेली असेल तर ती हे वर्षानुवर्षं सोसते. पण ती आधीच ढिली असेल तर प्रत्येक फेऱ्याला पूर्ण लोंबकळते आणि पुन्हा झटका खाते. हबजवळ जिथं ती वळलेली असते, तिथं धातू थकत जातो. एखादी लोखंडी तार हातानं पुढं-मागं वाकवत राहिलं की जशी शेवटी तुटते, तसंच. म्हणून तारा बहुतेक वेळा त्या वळणावर तुटतात, आणि अनेकदा भर वेगात नाही, तर अगदी साध्या रस्त्यावर, काही कारण नसताना.

यातून एक गोष्ट कळते. एक तार तुटली आणि तिच्या बाजूच्या ढिल्या निघाल्या, तर नुसती तार टाकून उपयोग नाही. सगळ्या चाकाचा ताण सारखा करून घ्यायला हवा. आणि खड्डा नाही, धडक नाही, तरी दोन-तीन महिन्यांत तीन-चार तारा एकामागून एक गेल्या असतील, तर उरलेल्याही तितकेच फेरे फिरलेल्या आहेत. एकेक बदलत बसलात तर दर पंधरा दिवसांनी दुकानात चक्कर. तिथं सगळा संचच बदलणं स्वस्त पडतं.

तारा तिरप्या का असतात, हाही प्रश्न अनेकांना पडतो. सुरुवातीच्या सायकलींच्या तारा सूर्याच्या किरणांसारख्या सरळ निघायच्या. १८७४ मध्ये इंग्लंडच्या जेम्स स्टार्लीनं त्या तिरप्या, एकमेकींना छेद देत बसवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पायडल मारल्यावर मागचा हब पिळला जातो, तो पीळ तिरपी तार रिंगपर्यंत नेते. दीडशे वर्षं झाली, माढ्यातल्या दुकानात आज टांगलेल्या चाकाची वीण जवळपास तीच आहे.

दुकानात जायच्या आधी घरी बघा

पाच मिनिटं लागतात आणि हत्यार लागत नाही. सायकल उलटी करून हँडल आणि सीटवर उभी करा.

सगळ्यात आधी टायर दोन्ही हातांनी धरून चाक डावी-उजवीकडं हलवा. आतून ‘टक्-टक्’ खेळ जाणवला तर चाक आउट नाही, हबचा कोन ढिला आहे. तो आवळला की अर्धं दुखणं जातं. हे आधी बघायचं कारण साधं आहे. हब ढिला ठेवून आउट काढत बसलं तर कारागीर दिवसभर तारा पिळेल आणि चाक डुलतंच राहील. मग आस हातानं फिरवा. वाळू भरल्यासारखी करकरत असेल तर छर्रे आणि कोन खराब झालेत. हे भाग स्वस्त असतात. पुढच्या हबचे छर्रे बारीक, मागच्याचे मोठे, त्यामुळं कुठल्या चाकाचे हवेत ते सांगा. मात्र हबच्या वाटीतच खड्डे पडले असतील, तर नवे छर्रेही लवकर संपतात. तिथं हबचं आयुष्य झालं असं समजा.

मग चाक फिरवा आणि ब्रेकच्या रबराजवळ नजर ठेवा. रबर म्हणजे तुमची खूण. रिंग कुठं जवळ येते, कुठं लांब जाते, ते दिसेल. जुन्या काळ्या सायकलला तिथं रबर नसेल, तर चिमट्याला टेकवून एक पेन्सिल धरा. एक-दोन मिलिमीटरचं डुलणं कुठल्याही वापरातल्या चाकाला असतं, त्यासाठी पैसे घालवू नका. रबर घासायला लागलं की मात्र काम काढायचं. फिरणारं चाक वर-खालीही उडी मारतंय का, ते वेगळं बघा. बाजूला डुलणं बहुतेक वेळा तारांनी दुरुस्त होतं. उडी मारणं म्हणजे रिंग एका जागी दबलीय, खड्ड्यात किंवा दगडावर आपटलीय. ते काढणं अवघड असतं.

इथं एक फसगत होते. कधी कधी रिंग सरळ असते आणि टायरच एका जागी फुगलेला असतो, आतले धागे तुटल्यामुळं. बघणाऱ्याला वाटतं चाक गेलं. म्हणून नजर टायरवर नको, रिंगच्या कडेवर हवी.

शेवटी तारा. शेजारच्या दोन-दोन तारा चिमटीत दाबत पूर्ण फेरी मारा. किंवा नखानं टिचकी मारा, सतारीसारखी. एकाच बाजूच्या तारांचा आवाज साधारण सारखा यायला हवा. एखादी ‘टिंग’ न म्हणता ‘ठप्प’ म्हणाली, तर ती ढिली.

रिंग कधी मेली म्हणायची?

टायर उतरवायचा कंटाळा येतो, पण पंक्चर काढताना तो उतरलेलाच असतो. माढा भागात वेड्या बाभळीच्या काट्यांमुळं ही संधी वरचेवर मिळते. तेव्हा आतली रबरी फीत सरकवून निपलच्या भोकांभोवती बघा. भोकापासून निघालेली केसासारखी चीर दिसली तर चर्चा संपली. अशी रिंग तारांनी ओढून सरळ करता येते, पण तार जितकी ओढाल तितकी चीर वाढते. वेल्डिंग करून देणारे भेटतात. रोजच्या सायकलला, विशेषतः पुढच्या चाकाला, तसं करू नये.

लोखंडी रिंग आतून गंजते. फितीखाली पाणी साचून राहतं आणि वरून चमकणाऱ्या क्रोमच्या आत खपल्या निघतात. वरवरचा गंज पॉलिश पेपरनं जातो, तो चालतो. पण पेचकसानं टोचल्यावर पापुद्रा सुटत असेल किंवा निपल गंजून रिंगमध्येच अडकलं असेल आणि फिरवताना तार तुटत असेल, तर अशा चाकाचा आउट काढायला जाणं म्हणजे सदरा शिवायला गेलं आणि कापडच फाटलं, असा प्रकार.

अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगला गंजाची तशी भीती नाही, पण ब्रेकचं रबर तिची बाजू हळूहळू घासून पातळ करतं. बोट फिरवून बघा. बाजू सपाट न लागता आत खोलगट लागली तर रिंग झिजलीय. बऱ्याच रिंगांवर झीज कळावी म्हणून बारीक खाच किंवा ठिपका दिलेला असतो. तो दिसेनासा झाला की रिंग बदलायची. अशी पातळ झालेली रिंग हवेच्या दाबानंही फाटू शकते.

झिजलेलं चाक कुठवर वापरायचं, याचा पक्का नियम माढा तालुक्याला परका नाही. तालुक्यातलं कुर्डुवाडी हे जुनं रेल्वे जंक्शन. १८९७ मध्ये इथून बार्शीपर्यंत बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी सुरू झाली, आणि कुर्डुवाडीला रेल्वेचं वर्कशॉपही आहे. रेल्वेत चाक झिजलं की ते लेथवर घासून पुन्हा आकारात आणतात. प्रत्येक वेळी त्याचा व्यास थोडा कमी होतो आणि ठरलेल्या मापाच्या खाली गेला की ते चाक बाद. ‘अजून चालेल की’ म्हणायची सोय नाही. सायकलच्या रिंगवरची ती बारीक खाच म्हणजे तोच नियम, फक्त बघणारं कुणी नसतं.

आणि वाकलेली रिंग? तिची खरी परीक्षा अशी. तारा सगळ्या ढिल्या करून रिंग शहाबादी फरशीवर आडवी ठेवायची. सपाट बसली तर ती वाचली. डगमगली तर ती स्वतःच वाकलीय. असं चाक तारा ओढून सरळ दिसायला लावता येतं, पण मग काही तारा भयंकर ताठ आणि काही अगदी सैल राहतात. सैल तारेचं काय होतं ते वर आलंच आहे. महिन्याभरात चाक परत डुलायला लागतं आणि दोष कारागिरावर येतो. त्यामुळं आउट काढल्यावर चाक नुसतं सरळ आहे का ते बघू नका, तारा दाबून बघा.

चाक आठच्या आकड्यासारखं वळलं तर जुने कारागीर ते जमिनीवर ठेवून पायानं दाबतात आणि ते ‘फटाक्’ करून सरळ होतं. बघायला भारी वाटतं. घरापर्यंत जायला हा उपाय चांगला आहे. त्यावर वर्ष काढायचं ठरवू नये. धडकेनं पुढचं चाक वळलं असेल तर चिमटाही तपासून घ्या. चाक नवं आणि चिमटा वाकडा, असं झालं तर नवं चाकही सरळ चालणार नाही.

पैशाचा हिशोब

परदेशातले व्हिडिओ बघून अनेकांना वाटतं की आउट झालं की सरळ नवं चाक आणायचं. तिकडं त्याला कारण आहे. युरोप-अमेरिकेत कारागिराचा तासाचा दर इतका असतो की जुन्या हबवर रिंग बांधून घेण्यापेक्षा कारखान्यातून आलेलं तयार चाक स्वस्त पडतं. आपल्याकडं उलट आहे. मजुरी कमी, तार सुटी मिळते, रिंग सुटी मिळते. त्यामुळं तिकडचा सल्ला इथं जसाच्या तसा चालत नाही.

दुकानात गेल्यावर एक नाही, तीन आकडे विचारा. नुसत्या तारा टाकून आउट काढायचे किती? जुन्या हबवर नवी रिंग आणि नव्या तारा बांधायचे किती? हबसकट तयार चाक किती? आणि प्रत्येक आकड्याला एक प्रश्न जोडा, हे किती दिवस टिकेल? समजा, दीडशे रुपयांत आउट निघतो पण दोन महिन्यांत परत यावं लागतं. महिन्याला पंच्याहत्तर रुपये झाले. नऊशे रुपयांत चाक नव्यानं बांधलं आणि ते तीन वर्षं गेलं, तर महिन्याला पंचवीस. आकडे समजा म्हणून घेतलेत, दुकानागणिक आणि मालागणिक बदलतील. पण हिशोब असा मांडला की ‘स्वस्त’ काय ते पटकन दिसतं. त्यात सायकल दुकानात पडून राहण्याचे दिवसही धरा. वर्षातून सहा चकरा म्हणजे सहा दिवस शाळेला उशीर.

तयार चाक कधी परवडतं? रिंगही गेली, तारा जुन्या आणि हबची वाटीही खड्डे पडलेली, म्हणजे तिन्ही एकदम थकले असतील तेव्हा. हब चांगला असेल तर तो फेकू नका. जुना दणकट हब अनेकदा नव्या स्वस्त हबपेक्षा जास्त चालतो. आणि तयार चाक घेतलं तरी ते तसंच बसवून निघू नका. अशा चाकांच्या तारा बऱ्याचदा ढिल्या असतात. “तारा आवळून, आउट बघून द्या,” असं सांगायचं. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, पण त्यावर पुढची दोन वर्षं ठरतात.

मागच्या चाकाच्या उजव्या बाजूची तार बदलायला फ्रीव्हील काढावं लागतं. म्हणजे ती मजुरी एकदा दिलीच आहे. फ्रीव्हील घसरत असेल, दात झिजून टोकदार झाले असतील, तर त्याच वेळी बदला. हब उघडलाच असेल तर ग्रीसही भरून घ्या. गावाकडं ज्याला ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात ते मूळचं ओव्हरहॉलिंग, पण तेल-ग्रीस त्यात असतंच, त्यामुळं चुकीचा शब्दही तसा बरोबरच आहे.

‘२६ ची रिंग द्या’ म्हणून फसू नका

नवी रिंग आणायला सोलापूर किंवा बार्शीला जाणार असाल आणि नुसतं ‘२६ ची’ म्हणालात, तर परत यायची वेळ येऊ शकते. कारण २६ इंच नावाची एकच रिंग नसते. मुलींच्या साध्या सायकलला बऱ्याचदा २६ बाय १ ३/८ असतं. जाड टायरच्या रेंजर पद्धतीच्या सायकलला २६ बाय १.९५ किंवा त्याच्या आसपास. दोन्ही २६, पण पहिल्याच्या रिंगवर टायर जिथं बसतो तो व्यास ५९० मिलिमीटर, दुसऱ्याचा ५५९. एकावर दुसऱ्याचा टायर बसत नाही. काळ्या सायकलचं २८ बाय १ १/२ म्हणजे ६३५. गिअरच्या नव्या सायकलींत ५८४ आणि ६२२ अशी मापंही दिसतात. बहुतेक टायरच्या कडेला इंचाच्या शेजारी ३७-५९० किंवा ५०-५५९ असा आकडा छापलेला असतो. त्यातला तीन आकडी भाग मोबाइलवर फोटो काढून घेऊन जा.

मग भोकं मोजा. रिंगची भोकं हबच्या भोकांएवढीच हवीत. रेंजरसारख्या सायकलींना बहुतेक ३६. जुन्या काळ्या सायकलीला मागे ४० आणि पुढे ३२, ही ब्रिटिशांच्या काळापासून चालत आलेली पद्धत, मागच्या चाकावर वजन जास्त येतं म्हणून. आणि नमुन्याला एक जुनी अखंड तार सोबत न्या. लांबी दोन-तीन मिलिमीटरनं चुकली तरी निपल नीट पकडत नाही, किंवा तारेचं टोक आत जाऊन ट्यूब फोडतं.

ब्रेक कुठला आहे तेही सांगा. काळ्या सायकलला तारेच्या ऐवजी दांड्यांचा ब्रेक असतो आणि त्याची रबरं रिंगच्या आतल्या बाजूला, हबकडून दिसणाऱ्या भागावर टेकतात. तिला त्याच घडणीची रिंग लागते. कॅलिपर किंवा व्ही-ब्रेक असेल आणि नाहीतरी रिंग बदलायचीच असेल, तर अ‍ॅल्युमिनियमची मिळते का बघा. ओल्या लोखंडी रिंगवर रबर घसरतं, पावसात सायकल उशिरा थांबते. अ‍ॅल्युमिनियमवर ते बरंच सुधारतं. डिस्क ब्रेकच्या सायकलला ही चिंता नाही, कारण ब्रेक रिंगला लागतच नाही. थोडा आउट तिथं चालूनही जातो. तिचा त्रास वेगळा, हब खास असतो आणि गावात लगेच मिळेलच असं नाही.

चाक जातं कशानं?

शाळकरी मुलीच्या वजनानं बहुतेक जात नाही. ते जातं कॅरिअरवरच्या ओझ्यानं. २०१८ पासून यूरियाची गोणी ५० किलोवरून ४५ किलोची झाली, पण मागच्या चाकाच्या दृष्टीनं ती अजूनही एक जादा माणूसच आहे, आणि तोही खड्डा आला की पायांवर उभा न राहणारा. दुधाचा कॅन, डबलसीट, सगळं मागच्याच चाकावर. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याच्या कडा तुटतात आणि सायकलवाल्याला नेमकं त्याच कडेवरून जावं लागतं. त्यात हवा कमी असेल तर रिंग सरळ दगडावर आपटते. आठवड्याला एकदा हवा भरणं हा चाक वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय.

पुढच्या आणि मागच्या चाकाला एकच न्याय लावू नका. मागची एक तार तुटली तर ती शेजारच्या तारेला गुंडाळून, ओझं न घेता, सावकाश घरी जाता येतं. पुढच्या रिंगला चीर असेल, तारा दोन-तीन तुटल्या असतील, तर सायकल हातात धरून चालत न्यायची. मागचं चाक बसलं तर माणूस थांबतो. पुढचं बसलं तर तोंडावर पडतो.

आता त्या नववीतल्या मुलीच्या सायकलकडं येऊ. समजा, तपासणीत असं निघालं. हबला खेळ नाही, आस गुळगुळीत फिरते. रिंगला चीर नाही, वरवरचा गंज आहे. दोन तारा तुटल्यात त्या उजव्या बाजूच्या, हबजवळच्या वळणावर, आणि आणखी सहा-सात ढिल्या आहेत. उडी नाही, डुलणं आहे. तर कारागिराचं ‘पूर्ण चाक’ इथं लागत नाही. शेजाऱ्याचं ‘दोन तारा टाका’ही पुरत नाही. फ्रीव्हील काढून दोन नव्या तारा, सगळ्या चाकाचा ताण सारखा आणि मग आउट. सकाळी टाकली तर संध्याकाळी सायकल घरी. दोन-तीन महिन्यांत पुन्हा तार तुटली, तर तेव्हा मात्र सगळ्या तारा बदलायच्या, रिंग तीच ठेवून.

आणि नव्या तारा थोड्या बसतात, म्हणून आठ-दहा दिवसांनी शाळेतून येताना सायकल पाच मिनिटं दुकानात थांबवून ताण परत बघून घ्यायचा. बरेच कारागीर याचे पैसेही घेत नाहीत.